लेथवर पेंटबॉल मार्करचा पहिला भाग बनवताना

पेंटबॉल मार्कर, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या हवेच्या दाबाने मारणारी खेळातली बंदूक, उघडून तिचे भाग टेबलावर मांडले की लक्षात येतं, यातलं जवळजवळ सगळं गोल आहे. बोल्ट (गोळी बॅरलमध्ये ढकलणारा दांडा) बॉडीच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, पुढेमागे सरकतो, हॅमर (व्हॉल्व्हवर आदळून हवा सोडणारा तुकडा) आपल्या नळीत धावतो, बॅरल आट्यांवर चढतं, ओ-रिंगा (रबराच्या गोल कड्या) खोबणीत बसून हवा अडवतात. गोल काम म्हणजे लेथचं, धातू फिरवून कापणाऱ्या यंत्राचं, काम. त्यामुळे छोटा लेथ, बरं ड्रिल प्रेस आणि मोजमापाची नीट साधनं हाताशी असतील, तर यातले बरेच भाग छोट्या वर्कशॉपमध्ये करता येतात.

या खेळात स्वतः भाग बनवणं पहिल्यापासून आहे. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी १२ जण पहिला सामना खेळले, तेव्हा त्यांच्या हातात नेलस्पॉट ००७ हा मार्कर होता. तो झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेला होता, खेळासाठी नव्हे. त्यामुळे खेळाडूंनी लवकरच त्यात फेरफार सुरू केले. पंप हँडल, थेट हॉपरमधून (गोळ्यांच्या वरच्या डब्यातून) गोळी घेणारी सोय, मोठ्या टँकची जोडणी, अशा कितीतरी गोष्टी आधी कुणाच्या तरी लेथवर झाल्या आणि मग विकत मिळू लागल्या.

काम हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. भाग दिसतो कसा, हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. तो कशात बसणार, कशावर घासणार, किती फट ठेवून चालणार, हे आधी ठरतं. नवशिक्यांचे फसलेले भाग मी बरेच पाहिलेत आणि बहुतेकांचं काम सुबकच असतं. फक्त जोडीच्या भागाचं माप घेतलेलं नसतं, किंवा चुकीच्या साधनाने घेतलेलं असतं. या लेखात मापांवर इतका भर आहे तो त्यासाठीच.

सुरुवातीला कशाला हात लावू नये

एक साधं गणित करू. हाय प्रेशर एअर टँकचा रेग्युलेटर (दाब कमी करून हवा सोडणारा भाग) साधारण ८०० पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, दाबाने हवा बाहेर सोडतो, म्हणजे सुमारे ५५ बार. समजा तुम्ही २० मिमी व्यासाचं एक बूच बनवलं आणि त्याच्या मागे हा दाब आला. बुचाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, म्हणजे त्याला बाहेर ढकलणारं बळ सुमारे पावणेदोनशे किलो वजनाइतकं होतं. टँकच्या आतला दाब ४५०० पीएसआय, म्हणजे ३१० बार, असेल तर त्याच बुचावर जवळपास एक टन येतो. हे बळ पेलणारे आटे थोडे उथळ पडले किंवा धातू कच्चा निघाला, तर बूच गोळीसारखं सुटतं.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या मार्करमध्ये तर दाब तुमच्या हातात नसतोच, तो तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सियसला सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२ बारच्या आसपास. वर्कशॉपच्या सावलीत टिकलेला भाग मैदानावरच्या उन्हात टिकेलच असं नाही.

म्हणून टँक, टँकवरचा रेग्युलेटर, बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी चकती) आणि हवा भरायचं निपल यांना लेथवर आणायचंच नाही, आज नाही आणि अनुभव आल्यावरही नाही. मार्करच्या व्हॉल्व्हची बॉडी, रेग्युलेटरची टोपणं, टँक जिथे बसतो तो एएसए अडॅप्टर, हे भाग बनवणारे लोक आहेत. पण ते आधी बरंच दुसरं काम करून तिथे पोचलेले असतात. पहिल्या वर्षात त्यांचा विचार नको.

सुरुवात नॉबपासून करा. वेग कमीजास्त करायचा स्क्रू बाहेरून फिरवता यावा म्हणून त्यावर बसणारा नर्लिंग केलेला, म्हणजे पकडीसाठी खरखरीत केलेला, नॉब. त्यात फेसिंग (टोक सपाट करणं), टर्निंग (व्यास उतरवणं), भोक, टॅप (भोकात आटे पाडणं) आणि पार्टिंग (तुकडा बारपासून कापून वेगळा करणं) एवढं सगळं येतं आणि बिघडला तरी फक्त धातू वाया जातो. त्यानंतर पंप मार्करचं हँडल, मग बोल्ट, मग ट्रिगर.

बॅरलची ओढ सगळ्यांना असते, पण ते लांबणीवर टाका. पेंटबॉलचा नावापुरता व्यास ०.६८ इंच, म्हणजे १७.२७ मिमी. बाजारातल्या बॅरलांचे बोअर साधारण ०.६७९ ते ०.६९५ इंचांच्या दरम्यान असतात आणि खेळाडू त्यात दोन-तीन हजारांश इंचाच्या फरकाने निवड करतात. एवढी नेमकी फट २५० मिमी लांबीच्या भोकात टिकवायची म्हणजे लांब ड्रिल वाकडं जातं, भोक मापात आणणारा रीमर त्याच वाकड्या वाटेने जातो आणि शेवटी होनिंगशिवाय, म्हणजे आतून दगडाने घासल्याशिवाय, गत्यंतर उरत नाही. शिवाय अनेक छोट्या लेथच्या स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक २० मिमीचं असतं. २५ मिमीचा बार त्यातून मागे जातच नाही. मग स्टेडी रेस्ट, म्हणजे लांब बारला आधार देणारी चौकट, लावून काम करावं लागतं आणि त्यालाही सराव हवा.

मोजायची साधनं आणि मोजायची रीत

लेथ नवा घ्यायचा की जुना, यावर लोक तासन् तास बोलतात. त्यातले निदान काही तास मायक्रोमीटरवर बोलायला हवेत. ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर, डिजिटल व्हर्नियर, टेलिस्कोपिक गेजचा (भोकात पसरून त्याचा व्यास पकडणाऱ्या दांड्यांचा) संच आणि चुंबकी स्टँडवरचा डायल गेज, एवढं लागेलच. आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायला पिच गेजही घ्या.

व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी बोअर मोजू नका. त्या जबड्यांच्या कडा थोड्या सपाट असतात, त्यामुळे लहान गोल भोकात त्या भिंतीला नेमक्या व्यासावर टेकत नाहीत आणि माप खऱ्यापेक्षा कमी येतं. फरक काही शतांश मिलिमीटरचा असतो, पण बोल्टच्या बाबतीत सगळा खेळच तेवढ्यात आहे. टेलिस्कोपिक गेज बोअरमध्ये किंचित तिरपा घाला, खिट्टी हलकी आवळा, एकदाच सरळ करून बाहेर काढा आणि त्यावर मायक्रोमीटर लावा. तीन वेगवेगळ्या खोलीवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सहा आकडे कागदावर येतील. ते एकमेकांच्या ०.०२ मिमीच्या आत असतील तर बोअर गोल आणि सरळ आहे. हॉपरमधून गोळी पडते त्या भोकाजवळ किंवा मागच्या टोकाला आकडा वाढला असेल, तर तिथे झीज झालेली आहे.

जुना भागही मोजा, पण त्याची हुबेहूब नक्कल करू नका. जुना बोल्ट झिजलेला असतो. नक्कल केलीत तर त्याची झीजही नव्या भागात उतरते. जुन्या बोल्टवरून लांबी, बोल्टला ओढणाऱ्या कॉकिंग पिनचं ठिकाण आणि खोबणींमधलं अंतर घ्यायचं. व्यास मात्र बोअरवरून काढायचा.

मग चित्र काढा. साध्या कागदावर, पेन्सिलीने, चालेल. फक्त सगळी अंतरं एकाच टोकापासून लिहा. एक माप पुढच्या टोकापासून, दुसरं मागच्यापासून आणि तिसरं खोबणीच्या कडेपासून असं लिहिलं, की प्रत्येकातली थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटी पिनचं भोक अर्धा मिलिमीटर सरकतं. नेमकेपणा कुठे हवा आणि कुठे नको, तेही चित्रावरच लिहा. बाहेर दिसणाऱ्या कडेला ०.२ मिमी इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही.

कशात बनवायचं

ॲल्युमिनियममध्ये ६०६१-टी६ जातीचं घ्या. कापायला स्वच्छ, ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने चढवलेला कडक थर) छान घेतं आणि बहुतेक बाहेरच्या भागांना पुरेसं मजबूत. ट्रिगरसारख्या बारीक, वाकू शकणाऱ्या भागाला ७०७५-टी६ बरं, त्याची ताकद दीडपटीहून जास्त आहे. भंगारातला, नंबर माहीत नसलेला ॲल्युमिनियमचा तुकडा टाळा. मऊ जातीचा निघाला तर तो टूलच्या टोकाला चिकटतो, पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो आणि नवशिक्याला वाटतं चूक आपलीच आहे. ॲल्युमिनियमला कापताना रॉकेलचे थोडे थेंब पुरतात. टूल धारदार ठेवा आणि वरचा उतार चांगला द्या.

पितळ कोरडंच कापतं, पण टूलचा वरचा उतार जवळपास शून्य ठेवावा लागतो, नाहीतर टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसतं. स्टेनलेस स्टील नवशिक्याने घेऊ नये. टूल नुसतं घासत राहिलं तर त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट बसत नाही.

डेल्रिन हे कडक प्लास्टिक बोल्टसाठी उत्तम. हलकं, घसरतं आणि बॉडीला ओरखडे पाडत नाही. पण त्याच्याशी दोन बाबतींत जपून वागावं लागतं. एक, ते तापलं की धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. १७ मिमी व्यासाचा डेल्रिनचा दांडा २० अंशांनी तापला तर जवळपास ०.०४ मिमी वाढतो, ॲल्युमिनियमची बॉडी तेवढ्याच तापमानात ०.०१ मिमीसुद्धा वाढत नाही. म्हणजे थंड वर्कशॉपमध्ये बेताने बसवलेला बोल्ट कडक उन्हात घासू लागतो. दोन, डेल्रिन जळलं तर त्यातून फॉर्माल्डिहाइड निघतं आणि त्याची ज्योत इतकी फिकट असते की उजेडात दिसत नाही. त्याचा किस ग्राइंडरच्या ठिणग्या पडतात तिथे साठू देऊ नका.

बोल्ट, सुरुवातीपासून

आता एक उदाहरण पूर्ण करू. समजा बॉडीचा बोअर सगळीकडे १७.५० मिमी निघाला आणि बोल्टवर दोन ओ-रिंगा आहेत.

बोल्टचा बाहेरचा व्यास १७.३५ मिमी धरा. म्हणजे एकूण ०.१५ मिमी मोकळीक. डेल्रिनचं फुगणं त्यात मावतं आणि बोल्ट डुगडुगतही नाही, कारण त्याला मध्यावर धरायचं काम ओ-रिंगा करतात.

खोबणीचं गणित ओ-रिंगेच्या जाडीवरून निघतं. मार्करमध्ये जास्त करून भेटणारी ओ-रिंग १.७८ मिमी जाडीची असते. जागच्या जागी बसणारी ओ-रिंग २० ते ३० टक्के दाबली तरी चालते. सरकणाऱ्या भागात मात्र एवढं दाबलं तर घर्षण वाढतं आणि बोल्ट जड होतो. सरकत्या ओ-रिंगेला साधारण १० ते २० टक्के दाब देतात. बोल्ट सेकंदात अनेक वेळा मागेपुढे होतो, म्हणून मी १० टक्क्यांच्या जवळ राहतो. त्यासाठी बोअरच्या भिंतीपासून खोबणीच्या तळापर्यंत १.६० मिमी जागा ठेवायची. दोन्ही बाजूंचे मिळून ३.२० मिमी वजा केले की खोबणीच्या तळाचा व्यास १४.३० मिमी येतो.

आता ओ-रिंग निवडा. एएस५६८ या प्रमाणित मापांमधली ०१५ नंबरची ओ-रिंग आतून १४.०० मिमी असते. ती १४.३० वर चढवली की २ टक्के ताणली जाते. १ ते ५ टक्के ताण योग्य, त्यामुळे ती खोबणीत नीट बसून राहते. ताण ५ च्या वर गेला तर ओ-रिंग पातळ होते आणि गणित बिघडतं. आतून सैल पडली तर ती खोबणीतून फुगून बाहेर येते आणि कडेला कापली जाते. हाच ०१५ नंबर टँकच्या तोंडावरच्या ओ-रिंगेचाही आहे, पण तिथे ९० ड्युरोमीटर कडकपणाची युरेथेन वापरतात. ती बोल्टवर चढवू नका. बोल्टसाठी ७० ड्युरोमीटरची, मऊ नायट्राइल रबराची घ्या.

खोबणीची रुंदी २.४ मिमी. ओ-रिंग दाबली की ती बाजूला पसरते, त्या पसरण्याला जागा हवी. बरोबर १.८ मिमीची खोबण केली तर रबराला जायला वाट उरत नाही आणि बोल्ट अडकतो.

आता लेथ. २० मिमीचा डेल्रिनचा बार तीन जबड्यांच्या चकमध्ये फार आवळू नका, तो दबतो आणि सोडल्यावर तिथे जॉब गोल राहत नाही. कोलेट (बारला सगळीकडून सारखं धरणारी चिरलेली बाही) असेल तर उत्तम, नाहीतर चिरलेली ॲल्युमिनियमची बुशी घालून धरा. लेथ १५०० आरपीएमच्या आसपास चालवा. हायस्पीड स्टीलचं टूल दगडावर घासून इतकं धारदार करा, की त्याने नखावरून सालपट निघावं. डेल्रिनचा किस लांब दोरीसारखा येतो आणि चकभोवती गुंडाळतो. लेथ बंद करून आकड्याने काढा. हातात मोजे घालून लेथजवळ जायचं नाही, बाह्या दुमडलेल्या हव्यात आणि डोळ्यांवर चष्मा.

फेसिंग करा, सेंटर ड्रिल मारा, मधलं हवेचं भोक जुन्या बोल्टइतक्या मापाचं करा. मग बाहेरचा व्यास १८ मिमीपर्यंत आणा आणि तिथे थांबा. जॉब काढून रात्रभर ठेवून द्या. बारमध्ये तयार होताना अडकलेला ताण वरचा थर निघाला की सुटतो आणि जॉब किंचित वाकतो. ते वाकणं आधी होऊन जाऊ द्या, शेवटचा कट दुसऱ्या दिवशी. जॉबच्या मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचं फिरतं सेंटर टेकवून, पातळ कटांनी १७.३५ वर या. प्रत्येक वेळी मोजण्याआधी जॉब थंड होऊ द्या. हाताला कोमट लागणाऱ्या डेल्रिनचं माप विश्वासाचं नाही.

खोबणीसाठी २ मिमी रुंदीचं टूल घासून घ्या, ते सरळ आत नेऊन नंतर ०.४ मिमी बाजूला सरकवा. आत किती जायचं? १७.३५ मधून १४.३० वजा, म्हणजे व्यासात ३.०५ मिमी आणि त्रिज्येत १.५२५. तुमच्या क्रॉस स्लाइडचा (टूल आतबाहेर नेणाऱ्या सरकत्या भागाचा) डायल व्यास दाखवतो की त्रिज्या, हे रद्दी तुकड्यावर एकदा कट मारून तपासा. काही लेथवर एक असतं, काहींवर दुसरं. खोबणीच्या वरच्या दोन्ही कडा अगदी किंचित, ०.१ मिमी, मोडा. तळाशी टूलच्या खुणा राहिल्या तर हवा त्या खुणांवाटे ओ-रिंगेखालून सुटते, म्हणून शेवटी टूल तळाशी क्षणभर तसंच धरून गुळगुळीत करून घ्या.

लांबीचं महत्त्व लोक विसरतात. बोल्ट आखूड झाला तर गोळी डिटेंटच्या, म्हणजे तिला अडवणाऱ्या खिट्टीच्या, पुढे पूर्ण जात नाही, वरून दुसरी अर्धवट उतरते आणि बोल्ट तिला मधोमध कापतो. लांब झाला तर तो बॅरलच्या मागच्या कडेवर आदळतो. जुन्या बोल्टच्या लांबीच्या ०.१ मिमीच्या आत राहा.

कॉकिंग पिनचं आडवं भोक व्ही-ब्लॉकमध्ये जॉब धरून, आधी सेंटर ड्रिलने खूण करून मारा. त्या भोकाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर बर, म्हणजे कापताना उरलेली तीक्ष्ण कपची, राहू देऊ नका.

तसाच बर बॉडीच्या आत, हवेच्या भोकांच्या कडांवरही असतो. ओ-रिंगा अवेळी का मरतात याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं. ओ-रिंग भोकावरून सरकताना थोडी भोकात फुगते आणि तीक्ष्ण कड तिचा बारीक कपटा काढते. प्रत्येक फेरीला एक. बॉडीत भोक मारायची किंवा वाढवायची वेळ आली, तर बाहेरची कड सहज मोडता येते, पण आतली महत्त्वाची. वाकड्या टोकाच्या डीबरिंग हत्याराने ती फिरवा, मग लाकडी दांड्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हलकेच घासा. बोट आत घालू नका, कापूस फिरवा. धागे अडकले तर बर अजून आहे. बोअरच्या तोंडाशी, जिथून ओ-रिंग आत शिरते, तिथे १५ ते २० अंशांचा लांबट उतार हवा. ४५ अंशांचा आखूड चँफर ओ-रिंगेला सोलतो.

आता कोरडी चाचणी. ओ-रिंगांशिवाय बोल्ट बॉडीत घाला आणि बॉडी तिरपी करा. तो स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. मग ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन बसवा आणि अंगठ्याने ढकला. एकसारखा, मऊ प्रतिकार लागला पाहिजे. एकाच जागी अडकत असेल तर बॉडीत तिथे बर किंवा ओरखडा आहे. सगळीकडेच जड असेल तर खोबण उथळ आहे, ती ०.०५ मिमीने खोल करा. जोर लावून चालू करू नका.

वजनाचाही विचार हवा. पितळाची घनता साधारण ८.५, ॲल्युमिनियमची २.७, डेल्रिनची १.४१. ब्लोबॅक मार्करमध्ये (हवेच्या मागच्या धक्क्याने हॅमर परत मागे जातो त्यात) बोल्टचं वजन त्याच्या फेरीचा भाग असतं. पितळी बोल्ट काढून डेल्रिनचा घातला, तर फेरीची लय आणि गोळीचा वेग दोन्ही बदलू शकतात. म्हणून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पुन्हा मोजल्याशिवाय मैदानावर जायचं नाही.

आटे

बऱ्याच मार्करवर बॅरलचा आटा ऑटोकॉकर नावाच्या मार्करच्या पद्धतीचा असतो, १५/१६ इंच व्यास आणि इंचाला २० आटे. म्हणजे पिच १.२७ मिमी. तुमचा लेथ मेट्रिक असेल आणि गिअर बदलून १.२५ ची पिच मिळत असेल, तर 'एवढ्याने काय होतं' असं वाटतं. आठ आट्यांवर हा फरक ०.१६ मिमी होतो. आटा सुरुवातीला सहज जातो, मग जड होतो आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे दोन्ही आटे एकमेकांत रुतून बसतात. बॉडी वाया जाते. १२७ दातांचा गिअर असेल तर अचूक १.२७ मिळते. तो नसेल तर हे काम घेऊ नका.

गेज म्हणून आवडत्या मार्करची बॉडी वापरायची नाही. त्याच आट्याचा जुना, टाकाऊ तुकडा ठेवा आणि त्यावर तपासा. आटा कापण्याआधी तो जिथे संपणार तिथे छोटं रिलीफ, म्हणजे मोकळी खोबण, कापा, म्हणजे टूल थांबवायला जागा मिळते.

छोट्या स्क्रूंचं सोपं आहे. होस बार्बला (हवेची नळी जोडायच्या टोकाला) लागणाऱ्या १०-३२ आट्यासाठी ४.१ मिमीचं ड्रिल. एअर फिटिंगचा १/८ एनपीटी आटा निमुळता असतो, त्यासाठी ८.६ मिमीच्या आसपास. टॅप जास्त खोल नेला तर फिटिंग घट्टच होत नाही, म्हणून अधूनमधून फिटिंग लावून बघा. टेफ्लॉन टेपचे तुकडे रेग्युलेटरमध्ये जाऊन अडकतात, त्यामुळे द्रव सीलंट बरं. ॲल्युमिनियममध्ये स्क्रूचा आटा त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी खोल पकडला पाहिजे.

ट्रिगर

ट्रिगर हे मिलिंगचं काम आहे. ते कानशीनेही होतं, वेळ मात्र लागतो. भोकं आधी, आकार नंतर. चौकोनी पट्टी व्हाइसमध्ये सहज धरता येते, वळणदार झालेला तुकडा धरता येत नाही. पिनचं भोक थोडं लहान मारून रीमरने पूर्ण करा, नाहीतर ट्रिगर बाजूला डुलतो.

सिअरला, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्याला, किंवा तो हॅमरला जिथे पकडतो त्या कडेला घासू नका. ओढ हलकी करायच्या मोहात ती पकड कमी केली, तर मार्कर नुसत्या धक्क्याने सुटतो. नवा ट्रिगर बसवल्यावर टँक न लावता हॅमर मागे ओढून कॉक करा आणि फ्रेमला हाताच्या तळव्याने चांगले ठोके द्या. हॅमर एकदा जरी सुटला तरी तो ट्रिगर वापरायचा नाही.

रंग आणि ॲनोडायझिंग

ॲनोडायझिंग बाहेरून करून घ्या. साध्या रंगीत ॲनोडायझिंगचा थर बहुधा १० ते २५ मायक्रॉनचा असतो. त्यातला सुमारे निम्मा धातूच्या आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. साध्या पृष्ठभागावर हे नगण्य, पण आट्याच्या उतरत्या बाजूंमुळे पिच व्यासात (आट्याच्या उंचीच्या मध्यावरच्या व्यासात) वाढ चौपट दिसते. थर ७ मायक्रॉन बाहेर आला तर आटा जवळपास ०.०३ मिमीने घट्ट होतो. तेवढी जागा आधीच ठेवा किंवा आटे झाकून द्यायला सांगा.

चाचणी

सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, कापतानाचं रॉकेल पूर्ण गेलं पाहिजे. ओ-रिंगांना फक्त सिलिकॉन ग्रीस. टँकच्या तोंडाला किंवा भरायच्या निपलला कधीही तेल लावू नका, जास्त दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं.

हवा लावण्याआधी सगळे स्क्रू तपासा, बॅरलला कव्हर चढवा आणि पेंटबॉलसाठीचा, एएसटीएम एफ१७७६ मानकाचा गॉगल घाला. लेथवरचा चष्मा इथे पुरत नाही. ३ ग्रॅमची गोळी ३०० फूट प्रति सेकंद वेगाने साडेबारा जूल ऊर्जा घेऊन निघते आणि डोळ्याला कायमची इजा करायला ती पुरेशी आहे. टँक हळूहळू फिरवून हवा आत घ्या. साबणाचं पाणी लावून गळती बघा. बोल्टमागून फुसफुस येत असेल तर मागची ओ-रिंग, बॅरलमधून येत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह. हवा लागलेली असताना कुठलाही स्क्रू सोडवायचा नाही, टँक काढून उरलेली हवा रिकाम्या फायरने सोडून द्यायची.

मग गोळीशिवाय काही फायर आणि त्यानंतर क्रोनोग्राफ. वेगाची वरची मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद धरतात आणि बरीच मैदानं २८० च्या आसपासच थांबवतात. दहा गोळ्या मारा, प्रत्येकीचा वेग लिहा. सगळ्या एकमेकींच्या दहा फुटांच्या आत असतील तर बोल्ट चांगला चाललाय. पहिला फायर हळू आणि पुढचे बरोबर असं होत असेल, तर ओ-रिंग थांबल्यावर चिकटते आहे, खोबण किंचित खोल करून ओ-रिंगेचं दाबलं जाणं थोडं कमी करा. सगळेच विखुरलेले असतील तर आधी दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या घेऊन बघा. गोळ्यांच्या मापातला फरक बोल्टच्या नावावर फार वेळा खपवला जातो.

एक दिवस खेळून झाल्यावर बोल्ट बाहेर काढा आणि उजेडात फिरवून बघा. सगळीकडे सारखी चकाकी असेल तर तो सरळ चालतो आहे. एकाच बाजूला चकचकीत पट्टा दिसत असेल तर पिनचं भोक तिरपं आहे किंवा पिन त्याला एका अंगावर ओढते आहे. ओ-रिंगेवर बारीक कपटे निघालेले दिसले तर बॉडीतलं कुठलं भोक त्या जागी येतं ते शोधा आणि त्याची आतली कड पुन्हा मोडा. शेवटी व्यासाची आणि खोबणीच्या खोलीची जी मापं चालली, ती चित्रावर जुनी खोडून नव्याने लिहा. पुढचा बोल्ट त्या आकड्यांवरून करायचा आहे.